साडेअकरा अंश

१

ज्याने कुणी ती ओळ तशी छापली, त्याला ती कुणी वाचावी असं मुळी वाटतच नव्हतं.

नियम त्याने पाळला होता. औषधाच्या पत्रकात धोक्याची सूचना ठळक आणि तिरकी हवी असा नियम होता, म्हणून ती ठळक होती आणि तिरकीही होती. पण ठळक तिरकं अक्षर कुणी बसून काढलेलं नव्हतं. साध्या अक्षराला संगणकाने एका बाजूने ढकललं होतं आणि वरून चरबी चढवली होती, झालं काम. रोमन लिपीतल्या ‘ए’ आणि ‘ई’ची पोटं शाईने भरलेली. गोल ‘ओ’ दाराच्या फटीत सापडलेल्या अंड्यासारखा. अक्षरांच्या पायांशी ज्या बारीक टाचा असतात, ज्यांना सेरिफ म्हणतात, त्या शेजारणीच्या पायावर पाय देऊन उभ्या. आणि ही सगळी चेंगराचेंगरी पत्रकाच्या मागच्या बाजूला, सहाव्या घडीत: ‘कानात आवाज येऊ लागल्यास किंवा तोल जात असल्यास हे औषध ताबडतोब थांबवा.’

तिच्या बाबांच्या कानात नऊ दिवस आवाज येत होता. नऊ दिवस त्यांनी गोळ्या घड्याळ लावून घेतल्या. शिस्तीचा माणूस. पत्रक त्यांनी उघडलं होतं, पहिल्या शब्दापासून वाचलंही होतं. त्या ओळीपाशी आल्यावर डोळे तिच्यावरून घसरून खालच्या ओळीवर गेले, जसे सगळ्यांचेच जातात. उजवा कान कायमचा गेला आणि कानाबरोबर तोलही. तेव्हापासून बाबा उजवीकडे कलून उभे राहतात. बाबा गवंडी होते. जन्मभर ओळंबा सोडून ज्याने भिंती सरळ उभ्या केल्या, तो माणूस स्वतः कलला.

ती तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होती. डॉक्टर चुकले, औषध कडक होतं, नशीब खोटं होतं, असं प्रत्येकाने काही ना काही सांगितलं. तिने ते पत्रक उचललं, भिंगाखाली धरलं आणि ठरवलं की गुन्हा इथे झालाय. पुढे ती अक्षरं काढायला शिकली ती हौस म्हणून नव्हे.

२

चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्यांचं अक्षरांचं कार्यालय होतं. तिथे सर होते, ती होती आणि फूटपट्टी होता. फूटपट्टी हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. दोन अक्षरांच्या मधली जागा मोजणं हे त्याचं काम. ‘अक्षरं तुझी, हवा माझी,’ असं तो म्हणायचा, आणि चहाचे कपही टेबलावर सारख्या अंतराने ठेवायचा. तिला तो वकीलसाहेब म्हणायचा, कारण एखाद्या ‘जी’च्या शेपटीवर कुणी बोट ठेवलं तरी ती तासभर बाजू मांडत बसायची. ते नाव सगळ्यांनी उचललं.

सकाळचा क्रम ठरलेला. काल काढलेली अक्षरं छापायची, भिंतीला टाचायची, दहा पावलं मागे जाऊन बघायची. मग कागद उलटा टाचायचा, पाय वर डोकं खाली. अक्षर वाचता येत नाही तेव्हाच ते दिसतं, असं सरांचं म्हणणं. त्यानंतर फूटपट्टी पुढे व्हायचा आणि हवेबद्दल तक्रारी सांगायचा.

सरांनी एक सेरिफ टाइपफेस, म्हणजे टाचांच्या अक्षरांचं एक घराणं, सहा वर्षं खपून जवळजवळ पूर्ण केला होता. साधा, तिरका, ठळक. चौथा, ठळक तिरका, राहिला होता. तो नेहमीच राहतो. ठळक तिरकं म्हणजे घरातलं सावत्र पोर. त्याला कुणी वेळ देत नाही, आणि ओरडून काही सांगायची वेळ आली की मात्र त्यालाच पुढे ढकलतात. एका औषध कंपनीने आपली सगळी पत्रकं या टाइपफेसमध्ये नव्याने करायला घेतली आणि सावत्र पोराची आठवण झाली. कंपनीचं म्हणणं सरळ होतं. सहा आठवड्यांनी माणसं बसवून वाचनाची चाचणी घेऊ. हाताने काढलेली ठळक तिरकी ओळ जास्त वाचली गेली तर ती घेऊ, नाहीतर यंत्राने ढकललेली काय वाईट आहे.

सरांनी विचारायच्या आत तिने ते काम ओढून घेतलं.

३

सगळं अडलं ते कलावर.

तिरक्या अक्षराला एक कल असतो. आठ अंशांवर तिची अक्षरं रुसून मान वळवल्यासारखी दिसत होती. चौदावर ती पडायला आली. बारीक तिरकं अक्षर धावू शकतं, पण जाड माणूस धावला की शेजारीपाजारी बघायला बाहेर येतात. दोन आठवडे गेले.

एका रविवारी आईने घरातल्या दाराच्या चौकटीला टेकायची तयारी करत असलेल्या बाबांचा फोटो काढला. फोटोत चौकट सरळ आणि तिच्याशेजारी बाबा. तिने तो फोटो बघितला आणि तिचा हात आपोआप कोनमापकाकडे गेला. दुसऱ्या कुणाच्या लेकीचा गेला नसता, हे तिला लगेच कळलं आणि लाजही वाटली. तरी तिने मोजलं. साडेअकरा अंश.

सोमवारी तिने एक ‘एन’ साडेअकरा अंशांवर काढला. तो उभा राहिला. म्हणजे कललेला होता, पण पडत नव्हता, धावत नव्हता, रुसलेलाही नव्हता. काहीतरी करत होता, आणि काय ते तिला सांगता येईना. त्याच्या मागे बाकीची अक्षरं मुकाट्याने आली. ‘ए’ने वरचा मजला पाडून एकमजली घर केलं, ‘एफ’ने ओळीखाली पाय सोडला. तीन आठवड्यांत सगळी वर्णमाला भिंतीवर होती. कल कुठून आणला ते तिने कुणालाही सांगितलं नाही.

फूटपट्टी तेवढा कुरकुरत होता. ही अक्षरं उजवीकडे जागा मागतात, असं त्याचं म्हणणं. त्याने दिली. परत मागतात. परत दिली. आता इतकं अंतर गणितात बसत नाही, पण डोळ्यांना तेच बरोबर दिसतं.

‘मागू दे की,’ ती म्हणाली.

‘दोन अक्षरांमध्ये मागितली तर देईन गं. माझं कामच ते,’ फूटपट्टी म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला. ‘ही शेवटच्या अक्षरानंतरही मागतायत. ओळ संपली तरी. तिथे कुणासाठी जागा ठेवू?’

ती हसली. त्याने जागा ठेवली.

४

चाचणी कंपनीच्या इमारतीत झाली. एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, डावीकडे खिडकी. टेबलाच्या कडेला डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र आणि वाचणाऱ्याच्या पाठीमागे भिंतीवर एक कॅमेरा. चाचणीवाल्या मॅडम पन्नाशीच्या, शांत. माणसं वाचताना कशी फसवतात हे ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पत्रक वाचायचं, परत द्यायचं, बाहेरच्या खोलीत येऊन काय आठवतं ते सांगायचं, एवढंच. तीस माणसांना यंत्राने ढकललेलं पत्रक, दुसऱ्या तीस जणांना तिचं.

पाचव्या दिवशी मॅडमनी तिला बोलावून घेतलं आणि चहा सांगितला. चहा सांगणारी माणसं निकाल चांगला देतात किंवा फार वाईट, म्हणून तिने कप दोन्ही हातांनी धरला.

यंत्राच्या पत्रकातली ती ओळ तिसातल्या सात जणांना आठवत होती. तिच्या पत्रकातली तीसच्या तीस जणांना, आणि तीही शब्द न शब्द.

सहा वर्षं. सहाव्या घडीतली ती ओळ शेवटी कुणीतरी वाचली होती, आणि एकाने नाही, तिसांनी.

‘अभिनंदन,’ मॅडम म्हणाल्या, आणि कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. त्यांना एक गोष्ट विचारायची होती. ती ओळ वाचायला धिम्या माणसालाही चार सेकंद लागतात. या तिसांनी तिथे अकरा-अकरा सेकंद घेतले होते. अवघड शब्द आला की माणूस मागे जाऊन पुन्हा वाचतो, ते यंत्राला दिसतं. यांच्यापैकी कुणी मागे गेलं नव्हतं. चार सेकंदांत ओळ संपत होती, डोळे शेवटच्या शब्दावर थांबत होते आणि पुढचे सात सेकंद तिथेच राहत होते.

‘विचार करत असतील,’ ती म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. विचार करणाऱ्याचे डोळे भटकतात. हे भटकत नव्हते. अशी नजर त्यांनी चाचणीत कधी पाहिली नव्हती, आणि बाहेर कुठे पाहिली होती ते आठवत नव्हतं.

५

चित्रण बघायला तिला एक छोटी खोली मिळाली. बाहेर लख्ख दुपार होती, शेजारच्या खोलीत कुणीतरी ताळेबंदाबद्दल फोनवर भांडत होतं. ती पाठमोरी माणसं एकामागून एक बघत बसली.

पहिला ट्रामचा चालक होता. रुंद पाठ. पत्रक उलटलं, सहावी घडी उघडली, ओळीशी आला. आणि अंग कललं. नुसती मान नव्हे, कमरेपासूनचं सगळं अंग, उजवीकडे. पत्रक धरलेले हातही थोडे उजवीकडे गेले. मग तो तसाच बसून राहिला. सात सेकंदांनी सरळ झाला आणि घडी उलटली.

खुर्ची मोडकी असणार, असं तिला वाटलं. ती उठून चाचणीच्या खोलीत गेली, खुर्चीवर बसली, डुलून बघितलं. खुर्ची दगडासारखी. मग उजेडाचा प्रश्न असेल, खिडकी डावीकडे आहे, तिरीप टाळायला माणूस दुसरीकडे झुकतोच. ती परत येऊन यंत्राच्या पत्रकाचे तीस जण बघत बसली. तीच खुर्ची, तीच खिडकी, त्याच वेळा. एकही जण कलला नव्हता.

तिच्या पत्रकावर सगळे कलले होते. शाळेतल्या बाई, एक शिंपी, गरोदर बाई जिला कलणं सोपं नव्हतं, सारखा पाय हलवणारा एक कॉलेजातला मुलगा. त्या ओळीशी मुलाचा पायसुद्धा थांबला.

तिने प्रत्येकाचं त्या सात सेकंदांतलं एक-एक चित्र काढलं आणि पडद्यावर ओळीने मांडलं. तीस पाठी, छोट्या, काळ्या, शेजारी शेजारी. ते बघताना तिला आपल्या कार्यालयाची भिंत आठवली. दहा पावलं मागे जाऊन बघावं तसं ती खुर्ची सरकवून मागे गेली. लांबून ती ओळ अक्षरांची दिसत होती. जाड, तिरकी, जागच्या जागी उभी.

पर्समध्ये कोनमापक होताच. पडद्याला लावायला तिचा हात धजेना, पण कुतूहल भीतीला जुमानत नाही. ट्रामवाला साडेअकरा. शाळेच्या बाई साडेअकरा. पुढचे तिने मोजले नाहीत.

खोलीला कुलूप लावून जिना उतरताना तिला आठवलं, अशी पाठ आपण कुठे पाहिलीय ते. पुस्तक एक आणि मुलं दोन असली, की पुस्तक ज्याचं असतं ते मूल दुसऱ्याला दिसावं म्हणून असं कलतं. आणि दुसऱ्याचं वाचून होईपर्यंत पान उलटत नाही.

६

ती शिकलेली मुलगी होती. एका दुपारच्या चित्रांवरून भलतंसलतं मानणाऱ्यांची ती स्वतः टर उडवायची. म्हणून तिने शिकलेल्या माणसाने करावं ते केलं. अक्षरांचा कल दहा अंशांवर आणला, बाकी एका टाचेलाही हात लावला नाही, आणि मॅडमना म्हणाली की अजून तीस माणसं बसवा. का, ते सांगितलं नाही. मॅडमनीही विचारलं नाही. त्यांनी बहुधा पाठी पाहिल्या होत्या.

दहा अंशांवर कुणी कललं नाही. ओळीवर चार सेकंद, कधी तीन. आणि तिसातल्या नऊ जणांना ती आठवत होती.

म्हणजे अक्षर देखणं आहे म्हणून माणसं थांबत नव्हती. तिला आधी राग आला तो याचा. सहा आठवड्यांची मेहनत एकीकडे आणि दीड अंश एकीकडे.

मग ती स्वतः त्या खुर्चीवर बसली. साडेअकरा अंशांचं पत्रक हातात घेतलं, पाठ खुर्चीला घट्ट टेकवली, आणि काही झालं तरी सरळ बसायचं असा निश्चय करून ओळ वाचली. काही झालं नाही. थंड वाटलं नाही, काटा आला नाही. ओळ संपल्यावर जरा थांबावंसं वाटलं एवढंच, तेही अगदी साध्या कारणाने. लिफ्टमध्ये आपल्या मागून कुणी येत असलं की आपण दाराला हात लावून धरतो, तसा सभ्यपणा. ती थांबली, मग घडी उलटली, आणि स्वतःवर खूश होऊन चित्रण बघायला गेली.

चित्रणात ती कललेली होती.

फूटपट्टीला तिने अर्धंमुर्धं सांगितलं. त्याने पट्टी बोटांत फिरवली. मग म्हणाला की मापात बसत नाही ते आपण बघत नाही, आणि हे तर मापात बसतंय, म्हणून त्याला जास्तच नको वाटतंय. त्या दिवशी त्याचे चहाचे कप वेडेवाकडे पडले होते.

७

रविवारी दुपारी ती पत्रक घेऊन घरी गेली.

आई भांडी आवरत होती. बाबा खिडकीशी त्यांच्या नेहमीच्या हाताच्या खुर्चीत. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट, कारण तो सोडला की बाबा कलंडतात. ‘बिजागरी ढिली झालीय, दार तसं भक्कम आहे,’ असं आई त्यांच्याबद्दल पाहुण्यांना सांगायची, आणि बाबा डाव्या कानाने ऐकून हसायचे. त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडे बसावं लागे. ती बसली. नवीन अक्षर आहे, वाचून बघा, एवढंच तिने सांगितलं. कोणत्या ओळीसाठी, हे सांगायची गरज या घरात नव्हती.

बाबांनी पत्रक डाव्या हातात घेतलं आणि पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. शिस्त. तिला तिथून उठून पळावंसं वाटत होतं. तिसातल्या तिसांसारखे तेही अजून साडेअकरा अंश कलले, तर खुर्चीतून पडतील. तिने हात तयार ठेवला.

सहावी घडी आली. बाबा ओळीशी पोचले.

आणि सरळ झाले.

सावकाश, ओळंब्याची दोरी डुलायची थांबते तसे. खांदे एका रेषेत आले. सहा वर्षांत तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं. किती उंच होते ते, हेही ती विसरून गेली होती.

‘बाबा,’ ती अगदी हळू म्हणाली.

‘थांब जरा,’ बाबा म्हणाले. ‘वाचून होऊ दे.’

‘तुमचं झालं की.’

‘माझं झालं.’

पत्रक सहा घड्यांचं, सिगारेटच्या कागदाइतकं पातळ. एका हातात धरलं तर दुसरी बाजू लोंबायलाच हवी. बाबांच्या डाव्या हातात कागदाची डावी कड होती. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. कागदाची उजवी कड ताणून धरल्यासारखी सरळ होती, आणि कडेपासून बोटभर आत कागद जरासा दबला होता, अंगठ्याखाली दबतो तेवढा.

तिने किती वेळ बघितलं कोण जाणे. सात सेकंदच असतील. मग कड सैल पडली, पत्रक लोंबलं, आणि बाबा पुन्हा हळूहळू उजवीकडे कलले.

‘अक्षर छान झालंय,’ ते म्हणाले. ‘आज त्याला कुठे अडखळावं लागलं नाही.’

तिने कुणाला म्हणून विचारलं. लपवायचं नव्हतं बाबांना, पण इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं तर सांगणार काय, असा त्यांचा चेहरा झाला. उजव्या बाजूला कुणीतरी वाचत असतं, ते म्हणाले. पेपर असो, पाटी असो, डब्यावरचं लेबल असो. हळू वाचतं. त्याचं होईपर्यंत थांबावं लागतं. ती जुनी ओळ त्याला कधी लागलीच नाही, सारखं तिच्याकडेच परत यायचं बिचारं.

‘डॉक्टरांना नाही सांगितलंत?’

‘काय सांगू? त्रास काही नाही त्याचा.’

‘कोण आहे पण ते, बाबा? कसं दिसतं?’

‘मी कधी वळून बघितलं नाही,’ बाबा म्हणाले. ‘कुणी वाचत असताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघू नये, बाळ.’

आत आईच्या हातून झाकण पडलं. बाबांना ते ऐकू गेलं नाही, कारण ते उजवीकडून आलं होतं.

८

मंगळवारी फाइल द्यायची होती. दहा अंशांची एक तयार होती आणि साडेअकराची एक.

ती सकाळपासून त्या दोन नावांपुढे बसून होती. सर दोनदा दारात येऊन गेले. दहा अंशांची दिली तर कुणाला काही कळणार नव्हतं. अक्षर देखणं होतं, यंत्राच्या ढकलण्यापेक्षा दोन माणसं जास्त वाचत होती, आणि दोन माणसं म्हणजे काही थोडी नव्हेत. तिला रात्री झोप लागली असती. तिसातली एकवीस माणसं ती ओळ न वाचता पुढे गेली असती, त्यांच्यातला एखादा शिस्तीने नऊ दिवस गोळ्या घेत बसला असता, आणि त्याची लेक कधीतरी एक पत्रक भिंगाखाली धरून म्हणाली असती, ज्याने कुणी ही ओळ अशी छापली.

साडेअकराची दिली तर सगळे वाचणार होते. आणि थांबणार होते.

कशासाठी थांबणार होते, याचा विचार तिने प्रामाणिकपणे केला. बाबांनी सहा वर्षं शेजार केला होता आणि तक्रार केली नव्हती. पण बाबा कधी कुणाची तक्रार करतच नाहीत. आणि ज्याला वाचायचंय, त्याला त्या ओळीपुढेही काही वाचायचं असेल तर? सगळं वाचून झाल्यावर तो काय करतो? न वाचलेल्या ओळीने काय होतं ते मात्र तिला पक्कं माहीत होतं. ते रोज घरात खुर्चीचा दांडा धरून बसलेलं असे.

शेवटची नजर टाकायला तिने छापील ओळ भिंतीला टाचली आणि पावलं मोजत मागे गेली. दहाव्या पावलाला तिला जाणवलं की आपण भिंतीच्या मधोमध उभ्या नाही आहोत. आपण थोडं डावीकडे सरकून उभ्या आहोत, शेजारी एक माणूस मावेल इतकं.

ती तशीच उभी राहिली. मनात चार आकडे मोजले आणि पुढचे सात मोजले नाहीत, नुसती थांबली. मग टेबलाशी जाऊन तिने साडेअकराची फाइल पाठवून दिली.

फूटपट्टीने कोणती पाठवली ते विचारलं नाही. ओळीनंतरची जागा मी काढून टाकली नाहीय, एवढंच तो म्हणाला.

९

वर्षभरात ती पत्रकं सगळीकडे गेली.

बाबा आता आठवड्यातले तीन-चार दिवस सरळ असतात. डॉक्टरांनी नवं औषध लागू पडलं म्हणून सांगितलं, आईने बिजागरी आपोआप घट्ट झाली म्हणून शेजाऱ्यांना सांगितलं. बाबा स्वतः पेपर वाचताना अजूनही प्रत्येक पानावर जरा थांबतात आणि मग आठवल्यासारखं करून पान उलटतात. एकदा ती डावीकडे बसलेली असताना ते म्हणाले की हल्ली येणं कमी झालंय त्याचं, बाहेर बरीच माणसं भेटली असतील. त्यांच्या बोलण्यात सुटकेचा सूर नव्हता. शेजारच्या घराला कुलूप लागलं की माणूस बोलतो तसं बोलले ते.

एका दुपारी आईची गोळी आणायला ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. पुढे चार माणसं होती. त्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डबी तिथेच उघडली होती, पत्रक पसरलं होतं, सहाव्या घडीशी आले होते. ती त्यांच्या डावीकडे उभी होती, म्हणून नीट दिसलं तिला. हात थोडे उजवीकडे गेले. अंग कललं. रांगेतली पुढची बाई त्यांच्या उजवीकडे उभी राहायला आली होती, ती एक पाऊल मागे सरकली, वाटेत कुणी उभं असलं की आपण सरकतो तशी.

गृहस्थांनी ओळ वाचली, थांबले, घडी घातली, मग खिडकीशी वाकून दुकानदारीणबाईंना काहीतरी हळूच विचारलं. बाईंनी मान हलवून नाही म्हटलं. ते ओशाळून निघून गेले.

तिची पाळी आली तेव्हा तिने, कुणी ऐकत नाही असं बघून, विचारलं की लोक ही पत्रकं वाचतात का हो. आपण ती अक्षरं काढलीत, हे सांगायचा मोह तिला आवरला नाही.

बाईंनी आईच्या गोळ्या पिशवीत घातल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

‘वाचतात तर. आधी डबी उघडली की पत्रक माझ्याच दारात टाकून जायचे, आता घडी घालून खिशात ठेवतात. पण कंपनीत तुमची ओळख असेल तर एक सांगा त्यांना. हल्ली जो येतो तो दोन पत्रकं मागतो, कशाला म्हणून विचारलं की गप्प होतो. एका डबीत एकच येतं, बाई. दुसऱ्याचं मी कुठून आणू?’